बारावी कॉमर्सनंतर डेटा ॲनालिटिक्स: सोलापूरच्या एका मुलीला लांबलचक उत्तर

प्रश्न असा आला आहे: ‘सर, मी सोलापूरची. यंदा बारावी कॉमर्स झाले. अकरावीला गणित सोडून एसपी (सेक्रेटेरियल प्रॅक्टिस) घेतलं होतं. पप्पांचं टॉवेलचं छोटं युनिट आहे, बारा माग. मला डेटा आणि बिझनेस ॲनालिटिक्समध्ये डिग्री करायची आहे. पुण्यातल्या एका खासगी विद्यापीठाचं माहितीपत्रक आणलं, फी बघून पप्पा गप्प झाले. ते म्हणतात, इथंच बीकॉम कर आणि कारखान्यात बस. गणित नसताना हे झेपेल का? पुण्याला जावंच लागेल का? तीन वर्षांनी नोकरी लागेल का?’

तिन्ही प्रश्नांची उत्तरं आधीच देऊन टाकतो, म्हणजे पुढचं निवांत वाचता येईल. झेपेल, पण गणिताला बगल देऊन नाही. पुण्याला जायलाच पाहिजे असं नाही. नोकरी लागेल, पण माहितीपत्रकात टाय लावून हसणाऱ्या पोराच्या फोटोखाली छापलीय ती नव्हे. पहिली नोकरी बहुतेकांना ‘एमआयएस एक्झिक्युटिव्ह’ या नावाची, म्हणजे कंपनीचे रोजचे अहवाल तयार करायची, मिळते आणि तिच्यात दिवसभर एक्सेल असतं. त्यात वाईट काही नाही, मीही तिथूनच आलो.

वीस वर्षं हेच काम करतोय, धंद्याच्या आकड्यांतून उपयोगाचं काही काढून देण्याचं. त्यातली तेरा पुण्यात गेली, मग आईच्या दुखण्यामुळे परत आलो. आता इथल्या कारखानदारांचे आणि एक-दोन हॉस्पिटलांचे आकडे लावून देतो. माझ्याकडे ॲनालिटिक्सची पदवी नाही, माझ्या वेळी तसं काही नव्हतंच. पण पदवी घेऊन आलेली बरीच पोरं हाताखालून गेलीत. काही तीन महिन्यांत मला शिकवायला लागली, काहींना तीन वर्षांनंतरही टक्केवारी कशाची काढायची ते कळत नव्हतं. दोघांच्या सर्टिफिकेटावर विषय तेच होते.

टक्केवारीचं म्हणतोय ते सोलापूरकराला समजवायला सोपं आहे. दर उन्हाळ्यात आपल्याकडे ‘उजनी उणे’ अशी बातमी येते. उणे साठ टक्के पाणी म्हणजे किती? बाहेरगावचा माणूस हसतो, धरणात उणे पाणी कसं असेल म्हणून. उजनीचा उपयुक्त साठा ५३.५७ टीएमसी (म्हणजे अब्ज घनफूट) आणि त्याखालचा मृतसाठा ६३.६६ टीएमसी. पेपरातली टक्केवारी फक्त उपयुक्त साठ्याची असते. म्हणजे शून्य टक्के झालं तेव्हाही धरणात ६३.६६ टीएमसी पाणी उरलेलं असतं, आणि उणे साठला त्यातून आणखी ३२ टीएमसी गेलेलं असतं. राहतं साधारण साडेएकतीस. आता सांग, धरण रिकामं झालं का? एका अर्थी हो, कारण कालव्याला सोडायला काही उरलं नाही. दुसऱ्या अर्थी नाही, कारण शहराच्या नळाला येतं ते याच मृतसाठ्यातून. छेदस्थानी काय धरलंय आणि ते कुणी, कशासाठी ठरवलंय, एवढं विचारायची सवय लागली की या विषयाचा अर्धा अभ्यास झाला.

दुसरं उदाहरण मार्केट यार्डातलं. कांद्याच्या दरपत्रकात किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे तीन दर असतात. नवीन पोरगं काय करतं? किमान अधिक कमाल भागिले दोन, आणि म्हणतं हा सरासरी दर. समज, एके दिवशी १० क्विंटल एक नंबर माल ४,५०० रुपयांनी गेला, ६०० क्विंटल मधला माल १,८०० नी गेला आणि ९० क्विंटल भिजका ३०० नी. (आकडे मी समजावण्यापुरते घेतलेत.) पोराची सरासरी २,४००. खरी, म्हणजे आवकेचं वजन धरून काढलेली, १,६४६. आणि बहुतेक शेतकऱ्यांच्या पट्टीवर, म्हणजे विक्रीच्या पावतीवर, आलेला दर १,८००. एकाच दिवसाचे तीन आकडे, तिन्ही गणिताने बरोबर. शेतकऱ्याला, आडत्याला आणि बातमीदाराला यातला कुठला द्यायचा, हा प्रश्न गणिताचा नाही. डिग्रीच्या नावात ‘बिझनेस’ आहे तो यासाठी.

आता माझीच फजिती सांगतो. सोलापुरात परतल्यावर पहिलं काम एका टॉवेल कारखान्याचं मिळालं. पाच वर्षांचं रोजचं उत्पादन मांडलं, तर दर जानेवारीच्या मध्यावर आलेख धाडकन खाली. मला वाटलं, सापडलं काहीतरी. विजेचा खंड, सुताचे भाव, ऑर्डरींची तारीख, सगळं लावून पाहिलं. बारा स्लाइडा केल्या. मालकांपुढे सादर करताना मागे चहाचा कप घेऊन उभे असलेले जॉबर, म्हणजे मागांचे मिस्त्री, म्हणाले, ‘गड्डा असतोय की ओ साहेब तवा.’ सगळी केबिन हसली. लहानपणी गड्ड्याच्या यात्रेत पाळण्यात बसून ओकलेला माणूस मी, आणि स्क्रीनपुढे बसल्यावर सिद्धेश्वराची यात्रा विसरलो. त्या दिवसापासून आकड्यांना हात लावायच्या आधी खात्यातून, म्हणजे माग चालतात तिथून, एक फेरी मारतो आणि कामगारांशी बोलतो. इथे तुला एक फायदा आहे जो पुण्याच्या पोरांना नाही. आपल्याकडे मागावरची निम्मी गप्पागोष्ट तेलुगूत चालते, थोडी कन्नडमध्ये. तुला त्यातली एखादी भाषा कळत असेल तर ती बायोडेटात लिही. लाजू नकोस.

गड्डा तरी सोपा, मकरसंक्रांतीला धरून येतो, इंग्रजी तारीख फारशी हलत नाही. पंढरपूरच्या दुकानदाराचे आकडे त्याहून चकवतात. २०२३ मध्ये आषाढी एकादशी २९ जूनला होती. २०२४ मध्ये १७ जुलैला, कारण मध्ये अधिक श्रावण येऊन गेला आणि पुढच्या तिथी पुढे सरकल्या. २०२५ ला ६ जुलै. आता प्रसादाच्या दुकानाची जून २०२३ ची विक्री जून २०२४ शी ताडून बघ. निम्म्यावर आलेली दिसेल आणि मालकाला घाम फुटेल. धंदा मात्र जागच्या जागी आहे, फक्त पुढच्या महिन्यात गेलाय. भाकीत करणारी बहुतेक तयार सॉफ्टवेअरं हंगाम इंग्रजी महिन्यांनी मोजतात, त्यांना अधिक मास माहीत नसतो. उपाय अगदी साधा आहे: ‘एकादशीला किती दिवस उरले’ असा एक रकाना वाढवायचा. पण तो वाढवायला हवा हे ज्याला सुचतं त्याला पगार मिळतो.

एवढं सांगितलं कारण तुझ्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे. कोड आता एआय लिहून देतं, बरंच चांगलं देतं. पूर्वी नवख्याला महिनाभर पुरायचं असं रिपोर्टचं काम अर्ध्या दिवसात उरकतं, आणि त्यामुळे नुसती टूल्स येणाऱ्यांची पंचाईत होतेय हे खरंच. पण गड्डा असतो हे त्याला कुणीतरी सांगावं लागतं.

आता गणित. एसपी घेतल्याबद्दल वाईट वाटून घेऊ नकोस, कॉमर्सला निम्मा वर्ग तेच करतो. एक दार मात्र त्याने बहुतेक ठिकाणी बंद होतं: बीएस्सी स्टॅटिस्टिक्स. माझ्या मते या क्षेत्रात यायचा तो सगळ्यात भक्कम रस्ता. असो, बाकीची दारं उघडी आहेत. राहिलेलं गणित भरून काढायला महागडा क्लास लावू नकोस. बालभारतीची कॉमर्सची गणिताची पुस्तकं काढ, अकरावीचीही आणि बारावीचीही. संकेतस्थळावर फुकट मिळतात. अकरावीच्या दुसऱ्या भागात विचलन, सहसंबंध आणि संभाव्यता आहे. बारावीच्या दुसऱ्या भागात रेषीय समाश्रयण, कालश्रेणी, निर्देशांक, रेषीय प्रायोजन, संभाव्यता वितरणं आहेत. हीच नावं इंग्रजीत केली, रिग्रेशन, टाइम सीरिज, इंडेक्स नंबर, की पुण्याच्या माहितीपत्रकातल्या दुसऱ्या वर्षाच्या विषयांची यादी तयार होते! जी फी बघून पप्पा गप्प झाले, त्यातल्या बऱ्याच धड्यांची ओळख या पुस्तकांत पडून आहे. रोज दीड तास दिलास तर कॉलेज सुरू होऊन पहिली दिवाळी येईपर्यंत होतील. उदाहरणं वहीत सोडव, मोबाइलवर बघून मान हलवू नकोस.

सांख्यिकी म्हणजे काहीतरी परदेशी, असंही डोक्यातून काढ. पीकविम्यासाठी गावोगाव पीक कापणी प्रयोग होतात ना, चिठ्ठ्या टाकल्यासारखे शेतातले तुकडे निवडून तेवढंच पीक मोजायचं आणि त्यावरून सगळ्या भागाचा अंदाज काढायचा, त्या पद्धतीचा पाया घालणाऱ्यांत सातारा जिल्ह्यातल्या बुध गावात जन्मलेले पां. वा. सुखात्मे होते. नमुना निवड हा धडा आला की त्यांची आठवण ठेव.

कॉलेज निवडताना पदवीचं नाव बघू नकोस. २०२४-२५ पासून बीबीए, बीसीए, बीएमएस हे अभ्यासक्रम एआयसीटीईच्या, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या, कक्षेत आले आणि राज्यात त्यांच्या प्रवेशासाठी सीईटी सुरू झाली. तेव्हा काही कॉलेजांनी साधारण तोच अभ्यासक्रम दुसऱ्या नावाने सुरू ठेवला. म्हणजे एकाच नावाखाली दोन वेगळे अभ्यासक्रम सापडतील आणि दोन नावांखाली एकच. नाव सोड, सत्रवार विषयपत्रिका माग. ती देत नसतील तर तिथूनच उठ.

मिळाली की पेन घेऊन बस. सांख्यिकी आणि संभाव्यता किती सत्रं आहे ते मोज. दोनपेक्षा कमी असेल तर तो बीबीएच आहे, पाटी बदललेली. एसक्यूएल, म्हणजे साठवलेल्या डेटातून हवं ते काढायची भाषा, स्वतंत्र विषय म्हणून आहे का? हिशेब म्हणजे अकाउंटन्सी आहे का? हे लोक विसरतात, पण ताळेबंद न कळणारा बिझनेस ॲनालिस्ट म्हणजे पोहता न येणारा नावाडी. प्रत्येक सत्रात एक नवीन झगझगीत शब्द असेल, पहिल्यात ब्लॉकचेन, दुसऱ्यात मशीन लर्निंग, तिसऱ्यात जनरेटिव्ह एआय, तर समज की शिकवणाऱ्यांपेक्षा जाहिरातवाल्यांनी ती पत्रिका केलीय. मग भेटीला गेलीस की एकच प्रश्न विचार: ‘स्टॅटिस्टिक्स कोण शिकवतं, त्यांना पाच मिनिटं भेटता येईल का?’ समुपदेशक गोंधळला तर उत्तर मिळालं. प्लेसमेंटचा आकडा विचारायचाच असेल तर सगळ्यात मोठं पॅकेज विचारू नकोस, मधल्या विद्यार्थ्याचं विचार, आणि वर्गातल्या किती जणांना धरून काढलंय तेही. बघ, पुन्हा छेद आला.

नव्या शैक्षणिक धोरणात एका वर्षाने सर्टिफिकेट, दोन वर्षांनी डिप्लोमा, तीनला पदवी आणि चारला ऑनर्स अशी सोय आहे. मधल्या थांब्यांवर उतरायचा विचार करू नकोस. चौथ्या वर्षाचं तिसऱ्यात ठरव.

मी तुझ्या जागी असतो तर काय केलं असतं? इथंच सोलापुरात बीकॉम किंवा बीबीएला प्रवेश घेतला असता आणि त्याच्या जोडीला आयआयटी मद्रासच्या डेटा सायन्सच्या ऑनलाइन बीएस पदवीची पात्रता फेरी देऊन पाहिली असती. ती २०२० मध्ये सुरू झाली, बारावीला कुठलीही शाखा चालते, दहावीला गणित आणि इंग्रजी असलं म्हणजे झालं. चार आठवडे शिकवतात, मग परीक्षा, पास झालीस तर प्रवेश. फी विषयागणिक भरायची असते आणि कमी उत्पन्नाच्या घरांना सवलत मिळते. परीक्षा मात्र केंद्रावर जाऊन द्याव्या लागतात, घरबसल्या नाही. एकाच वेळी दोन पदव्या करायला यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) २०२२ मध्ये परवानगी दिलेली आहे, त्यामुळे नियमाची अडचण नाही. अडचण दमाची आहे. पायाभूत टप्प्यात गणिताचे दोन, सांख्यिकीचे दोन, पायथन (कोड लिहायची भाषा), संगणकीय विचार आणि इंग्रजीचे दोन असे आठ विषय येतात, आणि गणित सोडलेली मुलं पहिल्याच विषयात अडखळतात. म्हणून बालभारती आधी. नाही जमलं तर एक-दोन महिने आणि थोडी फी गेली, माग तर गहाण पडले नाहीत.

पुण्याबद्दल माझं मत विचारशील तर, पदवीसाठी कर्ज काढून जाऊ नये, नोकरीसाठी किंवा पुढच्या मास्टर्ससाठी जावं. तीन वर्षांनी पुण्याची हुतात्मा एक्सप्रेस पकडायला उशीर झालेला नसतो. फी घरातून सहज निघत असेल आणि विषयपत्रिका वरच्या चाळणीतून गाळून उतरली असेल तर जा, मुलीने घराबाहेर राहून बघावं हेही एक शिक्षण आहे. पण ते पप्पांना तू सांग, मी नाही सांगणार.

टूल्सचं थोडक्यात. पहिलं वर्ष एक्सेल, पण नीट: पिव्होट, लुकअप, पॉवर क्वेरी. मग एसक्यूएल. मग पॉवर बीआय, आकडे आलेखांत मांडायचं सॉफ्टवेअर. पायथन सावकाश. आणि टॅली, हिशेबाचं सॉफ्टवेअर! पुण्यातल्या वर्गात कुणी नाव काढणार नाही, पण सोलापूरच्या निम्म्या धंद्याचा डेटा त्यातच पडून आहे आणि तो धड बाहेर काढता येणारी माणसं कमी. काढलास की कळेल, एकाच गिऱ्हाइकाचं नाव चार तऱ्हांनी लिहिलेलं असतं, परत आलेला माल दोन महिन्यांनी वेगळ्याच खात्याला पडलेला असतो, आणि हातउसन्या व्यवहारांची नोंद फक्त दिवाणजींच्या खिशातल्या डायरीत असते. कॉलेजात देतात तो धुतलेला, इस्त्री केलेला डेटा. खरा असा येतो.

म्हणून पप्पांचं ‘कारखान्यात बस’ हे वाक्य मला तितकं वाईट वाटत नाही. गल्ल्यावर बसू नकोस, खात्यात बस. सुरुवात अशी कर. तीस बाय साठ इंचाचा टॉवेल म्हणजे क्षेत्रफळ १.१६ चौरस मीटर. गिऱ्हाइकाशी ४०० जीएसएम (चौरस मीटरला ग्रॅम) ठरलं असेल तर एका नगाचं वजन भरायला हवं साधारण ४६५ ग्रॅम. प्रत्यक्षात ४८० भरत असेल तर नगामागे १५ ग्रॅम सूत फुकट चाललंय, हजार नगांना १५ किलो. सुताचा आजचा भाव पप्पांना तोंडपाठ असेल, गुणाकार त्यांनाच करू दे. उलट ४५० भरत असेल तर एखादा व्यापारी माल परत पाठवायची वाट बघतोय.

बारा मागांचे प्रत्येकी तीस टॉवेल घे, म्हणजे ३६० वजनं. मागाचा नंबर, पाळी, विणकर, तारीख असे रकाने पाड. नुसती सरासरी काढून थांबू नकोस, कुठल्या मागाची वजनं फार वरखाली होतात ते बघ. सरासरी बरोबर ४६५ असलेला मागही अर्धे टॉवेल जड आणि अर्धे हलके काढत असू शकतो. विचलनाचा धडा शिकवायला याहून चांगलं उदाहरण मला पुस्तकात मिळालेलं नाही. एक खबरदारी: कापूस हवेतली ओल धरतो, पावसाळी दिवशी तोच टॉवेल जास्त भरतो, म्हणून सगळी वजनं एकाच दिवशी, एकाच काट्यावर घे. विणकरांना आधी सांग की हे त्यांची चूक धरायला नाही, मागाची तपासायला आहे. नाहीतर त्या दिवशी सगळे टॉवेल अगदी नेमके निघतील आणि तुला काहीच सापडणार नाही.

पॅकिंगमधला मोठा काटा याला चालायचा नाही, ग्रॅम दाखवणारा लागेल. सराफाकडून दोन तास मागून आण. वजनं झाली की फाइल पाठव, बघू कुठला माग जड विणतोय ते.